भुईकरांची नावं: मातीच्या जीवांना मराठीत नाव देताना ठेवलेल्या नोंदी

आपल्या फँटसी खेळात दगडामातीचे जीव मराठीत उतरवायचे असतील, तर या नोंदी उपयोगी पडतील म्हणून ठेवल्या. आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत, एकेक पात्र घेऊन गोष्ट खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो, पण बोलणं सगळं मराठीत. खेळाडू चार: माझा चौदा वर्षांचा भाचा, शेजारच्या निवृत्त शिक्षिका काकू, बांधकामाची कामं घेणारा एक मित्र आणि त्याची बायको. डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारी आणि खेळ चालवणारी, मी. दर रविवारी दुपारी आमच्या घरी, नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ. नव्या कथानकासाठी चाळीस नावं हवी होती. दोन संध्याकाळचं काम धरलं होतं, सहा आठवडे गेले.

रविवार, २ जून २०२४

नावांच्या आधीच अडलं. या जीवांना मुळात म्हणायचं काय? मी 'भूतत्त्व' आणि 'महाभूत' असं लिहून आणलं होतं. पहिल्याच वर्णनाला काकूंनी विचारलं, "भुताखेताचं आहे का गं हे?" पंचमहाभूतांतलं भूत वेगळं, हे सांगण्यात दहा मिनिटं गेली आणि गुहेतलं वातावरण निघून गेलं. खेळ चालू असताना समजावून सांगावा लागतो तो शब्द टाकून द्यावा.

'भुईकर' हा शब्द भाच्यानं सुचवला. नाशिकचा तो नाशिककर, तसा भुईचा तो भुईकर. कोणालाच विचारावं लागलं नाही. तोच कायम केला.

शनिवार, ८ जून

आठवडाभरात पहिली खेप तयार. पद्धत अशी: एका रकान्यात ग्र, क्र, थ्र, ब्र, दुसऱ्यात ऑर, ऑक, घार, मॉल. फासे टाकायचे आणि जोडायचं. दीड तासात चाळीस नावं झाली: ग्रॅनथॉर, टेराक, क्रोमघार, थ्रॉग्मॉक. कागदावर फार भारदस्त दिसत होती. कार्डं छापून लॅमिनेट करून घेतली, ४२० रुपये.

रविवार, ९ जून

४२० रुपये वाया.

मित्र म्हणाला, ग्रॅनथॉर हे सिमेंटच्या गोणीवरचं नाव वाटतं. ते एक वेळ चाललं असतं. खरी अडचण लढाईत आली. "थ्रॉग्मॉकने क्रोमघारच्या पाठीवर" एवढं म्हणताना भाचा तीनदा अडखळला. तासाभरात सगळे 'तो मोठा दगड' आणि 'तो दारातला दगड' म्हणायला लागले, आणि ते बरोबरच होतं. मराठीत नाव एकटं उभं राहत नाही, त्याला ला, ने, चा, च्यावर लागतात. इंग्रजीच्या कानानं बनवलेल्या नावाला ते लावले की तोंडात खडी येते.

त्या रात्री एक चाचणी ठरवली. पुढे सगळी नावं तिच्यातूनच गेली. प्रत्येक नाव या चार वाक्यांत मोठ्यानं म्हणायचं:

"ए ___, इकडे ये!"
"___ला लागलं का?"
"___ने दार अडवलंय."
"___च्या मागे लपू."

घाईत, आवाज चढवून म्हणायचं. जीभ अडली की नाव बाद. चाळीसांतली तीन उरली.

गुरुवार, १३ जून

कालपासून दुसरी वाट धरली होती, शब्दकोशाची. भूधर, मेदिनी, धरणी, अचल, शैलेश, अद्री, वसुंधरा. चाचणीत सगळी पास. पण "शैलेश गुहेतून बाहेर आला" हे वाक्य मी स्वतःशीच म्हणून पाहिलं आणि डोळ्यांपुढे आमच्या ऑफिसातला शैलेश आला. ही सगळी चालती-बोलती माणसांची नावं आहेत. शिवाय त्यांतली पृथ्वी फार उंचावर बसलेली आहे, हाताला माती लागतच नाही. दोन संध्याकाळी गेल्या, पण या शब्दांचा पुढे दुसऱ्या रीतीनं उपयोग झाला.

रविवार, १६ जून

आज थेट मातीचे शब्द: मुरूम, डबर, पोयटा, चोपण, बरड, शाडू, गाळ, कातळ, दगडू, धोंडू. मला मनापासून वाटलं होतं की हे जमणार. शब्द आपले आहेत, तोंडात बसलेले आहेत.

मुरूम नावाचा पहारेकरी पुढे आला आणि मित्रानं विचारलं, "किती ब्रास?" त्याचा रोजचा धंदा तोच, त्याच्या कानाला दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. मग डबर आला, मग खडी. सेशन संपलं. दगडूला तर सगळेच हसले, आणि तो मी तिथल्या तिथे खोडला. ते खोडणं चूक होतं, पुढे लिहिते.

आणखी एक चूक याच दिवसाची. डोंगरातल्या दुष्ट राजाला मी म्हसोबाचं नाव दिलं होतं. काकू काही बोलल्या नाहीत, पण फासे हातात धरून बसल्या, टाकले नाहीत. सेशननंतर मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आमच्या शेताच्या बांधावर आहे गं तो." मी माफी मागितली आणि राजाचं नाव तिथेच काढलं. ज्या दगडाला आजही कोणी शेंदूर लावतं, त्याचं नाव आपल्या खेळातल्या शत्रूला द्यायचं नाही. यावर आमच्याकडे पुन्हा चर्चा होणार नाही.

या खेपेतून दोन गोष्टी मात्र टिकल्या. गावकरी वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात आणि पिकाच्या जमिनीला काळी. भुईकरांची दोन कुळं झाली: पांढरीचे आणि काळीचे. पांढरीच्यांना चुलीची, भिंतींची, माणसांची सवय. काळीचे अबोल, पावसाळ्यात फुगणारे, उन्हाळ्यात भेगाळणारे. कुळाला साधा शब्द चालतो, कारण कुळाला कोणी हाक मारत नाही.

बुधवार, १९ जून

जिल्ह्याचा नकाशा घेऊन बसले आणि डोंगरकिल्ल्यांची नावं मोठ्यानं वाचत गेले. साल्हेर, मुल्हेर, चौल्हेर. धोडप, पिसोळ, गाळणा, कंक्राळा. चाचणीतून एकेक नाव असं निसटून पार होतं की वाटावं, ती चाचणी यांच्यावरूनच बनवली आहे. "कंक्राळ्याच्या मागे लपू." "धोडपने दार अडवलंय."

कान देऊन ऐकलं तर दोन गोष्टी दिसल्या. ळ कधी शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, पण शेवटी आला की नावाला बूड मिळतं: पिसोळ, कातळ, गाळ. आणि ढ, ध, घ, भ ही अक्षरं वजन देतात, पण एका नावात एकच हवं. दोन आली की शिवी वाटते. माझं 'ढोंघाड' त्यामुळे गेलं.

मग जोडनावं. मांगी-तुंगी, रवळ्या-जवळ्या, अंकाई-टंकाई, कांचन-मंचन, साल्हेर-सालोटा. दोन डोंगर जवळजवळ उभे दिसले की आपल्या लोकांनी त्यांना भावंडांसारखी नावं दिली. हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण ही नावं देण्याची एक रीत आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. आमच्या खेळात ठरलं: कडा दुभंगला की भुईकर जन्मतो, म्हणून ते नेहमी दोन जन्मतात आणि नावं जोडीनं मिळतात. जोडीतला एक मेला तरी दुसऱ्याला पूर्ण जोडनावानंच हाक मारायची. हे सांगितलं तेव्हा मित्राची बायको थोडा वेळ गप्प झाली, आणि तिनं आपलं पात्र तिथेच बदललं: जोडीतलं उरलेलं एक.

करताना चुका झाल्याच. यमक पक्कं जुळवलं तर बडबडगीत होतं, म्हणून ढोल्या-पोल्या बाद. साल्हेर-सालोट्याच्या धर्तीवर चिरा-चिरोटा केलं होतं, पण चिरोटा ताटात वाढतात. कडाळ-कडोटा टिकलं.

शनिवार, २२ जून

काल सार्वजनिक वाचनालयात बसून पांडवलेण्यातल्या एका लेखाचं देवनागरी लिप्यंतर वहीत उतरवून घेतलं, आज सकाळी ती वही घेऊन लेणी चढले. घरापासून इतकी जवळ की आपण जातच नाही.

तीन नंबरचं लेणं. व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर गौतमी बलश्रीचा लेख आहे, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला. त्यात ती आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, वर्णन करते आणि तो ज्या पर्वतांचा स्वामी होता ती नावं ओळीनं देते: विझ, छवत, पारिचात, सय्ह, कण्हगिरि, मच, सिरिटन, मलय, महिद, सेटगिरि, चकोर. बाहेर पाऊस धरलेला, कातळाच्या कडेवरून पाणी ओघळत होतं. मला ब्राह्मी वाचता येत नाही. वहीतली ओळ हळू आवाजात म्हणत भिंतीसमोर उभी राहिले.

विझ म्हणजे विंध्य. महिद म्हणजे महेंद्र. ज्या डोंगरावर मी उभी होते त्या त्रिरश्मीला याच लेण्यांतल्या प्राकृत लेखांत तिरण्हु म्हटलंय. जोडाक्षरांचे कोपरे गेलेले. नदीतल्या गोट्याचे जातात तसेच.

मला हवं होतं ते इथे सापडलं. भुईकराचं नाव त्याच्या वयाबरोबर झिजत जाणार. कड्यातून नुकता सुटलेला धोंडा कोपरे घेऊन येतो, म्हणून त्याचं नाव जोडाक्षरांचं. हजार वर्षांच्या म्हाताऱ्याचं नाव गोट्यासारखं गुळगुळीत. नाव ऐकल्याबरोबर खेळाडूला समोरच्याचं वय कळलं पाहिजे.

शुक्रवार, २८ जून

आठवडा नावं झिजवण्यात गेला. रीत नवी शोधायची गरज नाही, मराठी तिच्यातूनच आली आहे. सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. कर्म, कम्म, काम. जोडाक्षर आधी जुळं होतं, मग एकेरी होतं आणि मागचा स्वर लांबतो. आपल्याच जिल्ह्यात सप्तशृंग आणि सातमाळा शेजारी नांदतात: कोरा शब्द आणि झिजलेला शब्द एकाच डोंगररांगेत.

आता ते बाजूला पडलेले शब्दकोशातले शब्द कामाला आले. तीन पायऱ्या करायच्या:

शिलागर्भ, सिलागब्भ, शिळगाभ.
कूर्मपृष्ठ, कुम्मपट्ठ, कुमाठ.
कृष्णशैल, कण्हसेल, कान्हेल.

मधली पायरी नियमानं करावी, शेवटची कानानं. शेवटच्या पायरीला अख्खं अक्षर गळून पडलं तरी हरकत नाही, रोजच्या हाकेत तसंच गळतं. एका नावाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. या आठवड्यात अकरा तास दिले आणि सव्वीस नावं पक्की झाली.

रविवार, ३० जून

चाचणी. शिळगाभ पहिल्याच हाकेला बसला. गाभा आणि गाभारा हे शब्द सगळ्यांच्या घरातले, त्यामुळे कोणी अर्थ विचारला नाही, पण तो जीव पोटात काहीतरी दडवून आहे हे सगळ्यांना कळलं. काकूंनी त्याच्याशी बोलताना आपोआप अहो-जाहो सुरू केलं.

कण्हसेल पडला. "सेल कुठे लागलाय?" शैलचं प्राकृत सेलच होतं, त्यात चूक काही नाही, पण आजच्या कानाला तो शब्द दुकानाच्या पाटीवरचा आहे. मधल्या पायरीचं नाव कण्हाल केलं. भाषेचा नियम आणि ऐकणाऱ्याचा कान यांचं भांडण झालं तर मी कानाचं ऐकते.

गंधाचाही प्रयोग केला. आपल्याकडे पृथ्वीचा खास गुण गंध मानलाय, म्हणून वासावरून नावं. मृद्गंध वगैरे. अत्तराच्या बाटल्या वाटल्या. नावं सोडली, पण भुईकर येण्याआधी त्याचा वास सांगायचा ही सवय ठेवली: काळीचा आला की पहिल्या पावसाचा, पांढरीचा आला की सारवलेल्या जमिनीचा.

बुधवार, ३ जुलै

एक जुनी गाठ सुटली. मराठीत क्रियापदाला लिंग लागतं, आणि दगडाच्या जीवाला तो म्हणायचं की ती, यावर आम्ही दर वेळी अडत होतो. आपल्याकडे तिसरं लिंग आहे ते वापरायचं विसरलो होतो. "ढेकूळ उठलं. ते चालत आलं." अंगावर काटा आणणारं वाक्य आहे ते.

पण मित्राची बायको म्हणाली, माझं पात्र 'ती' आहे, मी 'ते' म्हणवून घेणार नाही. रास्त होतं. उत्तर काकूंनी दिलं: बाळ रडतं, बाळ झोपतं, तेही 'तेच' असतं ना गं? बारशाला नाव मिळालं की तो किंवा ती.

नियम झाला. नाव मिळेपर्यंत ते. नाव मिळालं की तो किंवा ती, ज्याचं त्यानं ठरवायचं.

शनिवार, ६ जुलै

आज आईकडे गेले होते. दिवाणखान्याच्या कपाटात एक दगड आहे, मळ्यातली विहीर खणताना निघालेला. बाहेरून साधा काळा बेसॉल्ट, मुठीपेक्षा थोडा मोठा. फुटलेल्या बाजूनं आत पाहिलं तर पोकळीत पांढऱ्या सुयांची दाटी, काही सुया केसाइतक्या बारीक. अशा स्फटिकांना झिओलाइट म्हणतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात याचे प्रचंड नमुने मी पाहिले आहेत. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, पुढे त्या पोकळ्यांतून खनिजं घेऊन पाणी फिरलं आणि हे वाढलं. लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. स्टिल्बाइट, स्कोलेसाइट ही त्यांची नावं मी चाचणीला लावून पाहिली होती, ती गेली. पण तो दगड हातात घेऊन बसले असताना आईला सहज सांगितलं की खेळात दगडू नाव ठेवलं तर सगळे हसले.

आई म्हणाली, "तुझ्या आजोबांचं नाव का ठेवलं होतं माहितेय ना?"

माहीत होतं, पण आठवलं नव्हतं. आजोबांच्या आधीची दोन भावंडं वर्षाच्या आत गेली. तिसऱ्याला दगडू म्हटलं. दगडाला कोण नेणार? दगडू, धोंडू, केरू ही नावं पुष्कळ घरांत अशीच आली. मूल राहावं म्हणून दगडाच्या आड लपवलेलं. आजोबा एक्क्याऐंशी वर्षं जगले.

म्हणजे माणसाला मातीचं नाव देण्याची रीत आपल्याकडे आधीपासून होती, आणि मी ती सोळा तारखेला खोडली होती.

रात्री सगळी यादी पुन्हा मांडली. प्रत्येक भुईकराला दोन नावं. एक हाकेचं, खडबडीत, वरचं: दगडू, ढेपा, बरड्या, खापरी. दुसरं कानात सांगायचं, आतलं, झिजत जाणारं: शिळगाभ, कान्हेल. कपाटातल्या दगडासारखं.

रविवार, ७ जुलै

भाच्याचं पात्र अर्थ (इंग्रजीतलं earth) जेनासी आहे, म्हणजे अंगात भूमितत्त्वाचा अंश असलेला माणूस. २०१५ साली आलेल्या मोफत पुस्तिकेत म्हटलंय की जेनासी ज्या लोकांत वाढतात त्यांच्यासारखीच नावं घेतात, आणि पुढे कधी आपला वारसा सांगणारं नाव धारण करतात. तिथल्या उदाहरणांत ओनिक्स आहे आणि त्यानं पहिल्या दिवसापासून तेच धरलं होतं. मी जबरदस्ती केली नाही. त्याला पणजोबांच्या नावाची गोष्ट सांगितली, एवढंच. पात्राच्या कागदावर त्यानं ओनिक्स खोडून दगडू लिहिलं. या वेळी कोणी हसलं नाही.

कानातलं नाव द्यायचा प्रसंग आजच होता. गुहेत शिळगाभ समोर, आणि नाव कोणी सांगायचं हा प्रश्न आला. काकू म्हणाल्या, "हा मान आत्याचा." मी त्याची खरीच आत्या. त्याच्या बारशाला त्याचं नाव मीच कानात सांगितलं होतं. खुर्चीवरून उठून त्याच्याजवळ गेले, कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. बाकी तिघांना ते माहीत नाही, आणि इथेही लिहिणार नाही. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "आतू, हे जोडाक्षराचं आहे." बरोबर, तो अजून लहान आहे.

रविवार, १४ जुलै

सध्या कुठे आहे ते लिहून ठेवते. हाकेची नावं चाळीस पूर्ण. कानातली सव्वीस, त्यांतलं कुमाठ आज काढावं लागलं, कारण मित्र ते दर वेळी कुमठे म्हणत होता आणि त्याला एक गावच आठवत होतं. बायकांच्या नावांची बाजू कमकुवत आहे. ई-कारान्त नाव शेवटच्या पायरीला फार गोड होतं. खापरी आणि भेगी सोडल्या तर मनासारखं काही नाही.

एकूण खर्च ४२० रुपये लॅमिनेशनचे, ६० रुपये वही आणि पुठ्ठ्याचे. वेळ साधारण पस्तीस तास, त्यांतले पहिले बारा वाया.

पुढच्या महिन्यात कथा शंभर वर्षं पुढे जाते आणि प्रत्येक कानातलं नाव एक पायरी खाली येणार. म्हणून नवी कार्डं छापली नाहीत. पुठ्ठ्यावर पेन्सिलनं लिहिली आहेत, आणि खोडरबर काकूंकडे आहे.